डोक्यावरचं बिऱ्हाड

जोगेश्वरीत घर बघायला येणारा माणूस स्टेशन किती मिनिटांवर, पाणी किती वाजता येतं, गाडी कुठे लावायची आणि शेजारी कोण, एवढं नीट विचारून घेतो. डोक्यावर कोण, हे विचारत नाही. डोक्यावर बिऱ्हाड असेल तर रात्री बाराला कपाट सरकवल्याचा, पहाटे खलबत्त्याचा आणि अधूनमधून गोट्या घरंगळल्याचा आवाज येतो. (ज्या घरात मूलबाळ नाही त्या घरातूनही गोट्या घरंगळतात, मुंबईतल्या कुठल्याही खालच्या मजल्यावाल्याला विचारा.) डोक्यावर बिऱ्हाड नसेल तर तिथे ऊन राहायला येतं. ते खलबत्ता वाजवत नाही, पण मेंटेनन्सही भरत नाही, आणि जूनमध्ये गेलं म्हणावं तर ऑक्टोबरात परत हजर.

उष्णता अडवण्याचे जितके उपाय बाजारात विकायला आहेत, त्यांत वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाइतका स्वस्त उपाय एकही नाही. आधी एक स्लॅब, त्याच्यावर त्यांची फरशी, नऊ-दहा फूट हवा, मग दुसरा स्लॅब, आणि या मधल्या हवेचं वीजबिल ते भरतात. असं इन्सुलेशन कुठलीही कंपनी देत नाही. प्रश्न एवढाच, की प्रत्येक इमारतीत एक मजला असा असतोच की ज्याच्या वर कोणी नसतं. आमचा तो मजला.

आमची इमारत जोगेश्वरी पूर्वेला, मजासवाडीच्या अंगाला. चार मजले, लिफ्ट नाही, आणि चौथ्यावर आम्ही. मार्च उजाडला की टीव्हीवर सांताक्रूझच्या वेधशाळेचे आकडे सुरू होतात. ती वेधशाळा आमच्यापासून फार लांब नाही, पण तिथला तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, झडपांच्या सावलीत, वाऱ्याला ठेवलेला असतो. म्हणजे मुंबईत इन्सुलेशनचा पहिला मान तापमापकाने पटकावला आहे. त्याला चौतीस अंश वाटतात तेव्हा आमच्या गच्चीवरची काळी पडलेली फरशी साठीच्या घरात पोहोचलेली असते. १४ एप्रिल १९५२ रोजी सांताक्रूझला ४२.२ अंश तापमान नोंदलं गेलं, तो तिथला विक्रम. आमच्या स्वयंपाकघरात, पोळ्या चालू असताना, तो दर उन्हाळ्यात मोडतो. नोंद घ्यायला कोणी येत नाही.

गच्चीवर पाण्याची टाकी. मे महिन्यात दुपारी चारला नळ सोडला, की चहाचं अर्धं काम झालेलं असतं. अंघोळीचं पाणी सकाळीच बादलीत काढून ठेवायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते अंगावर घेण्याइतकं निवतं. गीझर आहे, पण त्याचा उपयोग घरात गीझर आहे असं सांगण्यापुरता.

खरी गंमत रात्री. सूर्य ओशिवऱ्याच्या बाजूला कधीच मावळलेला असतो, खालच्या मजल्यांवर खिडकीतून बरा वारा यायला लागलेला असतो, आणि आमच्याकडे पंखा गरम हवा खाली ढकलतो. पाहुण्यांना वाटतं पंखा बिघडला. पंखा ठणठणीत आहे. पाच इंची काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो, ती उष्णता आरपार यायला तीन-चार तास घेते, आणि माणसं जेवून आडवी झाली की स्लॅब कामाला लागतो. मध्यरात्रीनंतर छताला हात लावून पाहा (स्टुलावर चढून; आम्ही पाहिलंय). आपण हात लावून कुणाला ताप आहे का बघतो ना, तसंच लागतं.

आता वरून येणाऱ्या संकटांत दोन जाती आहेत, आणि सोसायटीच्या लेखी त्यांची पायरी सारखी नाही. पाणी ही वरची जात. छतावर एवढासा ओला डाग पडला तरी सेक्रेटरी बघायला येतात, मोबाइलवर फोटो काढतात, वॉटरप्रूफिंगवाला येतो, तीन कोटेशनं येतात, दहा वर्षांची गॅरंटी मिळते आणि तिसऱ्या वर्षी पुन्हा डाग पडतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्येही पाण्याला स्थान आहे: गच्चीची दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची गळती, त्या गळतीने खराब झालेलं छताचं प्लास्टर, हा सगळा खर्च संस्थेचा. उन्हाच्या गळतीबद्दल उपविधी गप्प आहेत. छतातून पाणी आलं तर ती तक्रार. छतातून उष्णता आली तर तो उन्हाळा.

माझा भाचा कॅनडात, एडमंटनला असतो. त्याने तिथे घर बांधायला काढलं तेव्हापासून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इन्सुलेशन हा शब्द नांदायला लागला. लाकडी भिंतीच्या सांगाड्यात गुलाबी कापूस कोंबतानाचे फोटो त्याने इतक्या प्रेमाने पाठवले, की त्याच्या आईने विचारलं, 'गादी कुणासाठी?' तो मला सांगतो, 'मावशी, आर-व्हॅल्यू बघ, म्हणजे थर उष्णता किती अडवतो ते. भिंती नीट भर, पैसे वसूल होतात.' त्याचं खरं आहे, त्याच्या गावात. तिथे बाहेर उणे तीस आणि घरात वीस. पन्नास अंशांचा फरक, आणि थंडी चारी भिंती, छत, जमीन, सगळीकडून घुसते. आमच्याकडे मे महिन्यातली दुपार तेहतीस-चौतीस आणि पहाट सत्तावीस. एसी लावला तरी आतबाहेर फरक आठ-दहा अंशांचा. एवढ्याशा फरकासाठी चारी भिंतींत कापूस भरायचा म्हणजे पैसे भिंतीत घालण्यासारखंच. त्यातून जुलैची जोगेश्वरीची हवा. तिला जागा सापडली की ती कापसात मुक्कामाला राहते, आणि ओला कापूस उष्णता अडवत नाही, फक्त वास सोडतो.

आमच्याकडे उष्णता चोरवाटेने येत नाही, ती सरळ वरून कोसळते. छत साठ अंशांवर आणि खोली तीसवर, फरक पडतो तो तिथे. दुसरा मारा पश्चिमेच्या भिंतीवर आणि तिसरा काचेतून. भाच्याला गोधडी हवी, आम्हाला छत्री. हे मी त्याला लिहिलं, तेव्हा त्याने अंगठा दाखवला. तो हल्ली सगळ्यालाच अंगठा दाखवतो.

हे शहाणपण आपल्याकडे नव्हतं असं नाही. कोकणातल्या कौलारू घरात छप्पर आणि माणूस यांच्यामध्ये माळा असायचा. माळ्यावर सुकं गवत, नारळ, जुनी पातेली आणि कुणाला उचलवत नाहीत म्हणून राहिलेल्या पेट्या. तापलेली हवा कौलांच्या फटींतून निघून जायची आणि खाली शेणाने सारवलेली जमीन पायाला गार लागायची. सोलापूर-मराठवाड्याकडे माळवद: लाकडी तुळया, वर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचा भला जाड थर. बाहेर ऊन रणरणत असताना आत डुलकी लागायची. ऊन आत येईपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर माणसं अंथरूण घेऊन माळवदावर गेलेली असायची. घर तापलं तर आपण वर जायचं, एवढी साधी योजना.

मग स्लॅब आला. गावाकडे 'पोराचं घर स्लॅबचं आहे' हे वाक्य लग्न जमवताना नोकरीच्या आधी येऊ लागलं. स्लॅब गळत नव्हता (तेव्हा), त्यात उंदीर-विंचू घर करत नव्हते, त्याच्यावर पुढेमागे मजला चढवता येत होता. एकच झालं, की मे महिन्यात सगळं घर अंगणात झोपायला लागलं. आणि स्लॅबच्या घरात कोणी नसताना लोक म्हणायचे, 'घर कसं मजबूत आहे.'

जोगेश्वरीतलं सगळ्यात उत्तम इन्सुलेशनचं घर मात्र जुनं आहे. आमच्या घरापासून चालत जाता येतं. जोगेश्वरी देवीची लेणी सहाव्या शतकातली, ब्रेशिया नावाच्या ज्वालामुखीच्या ठिसूळ दगडात खोदलेली. पायऱ्या उतरून मंडपात शिरलं की भर दुपारी अंगावरचा घाम विचारात पडतो. दगड तसा काही उष्णतारोधक नव्हे. पण दिवसाचं ऊन दगडात दोन-तीन फुटांपलीकडे पोहोचायच्या आत रात्र होते आणि बिचारं आल्या वाटेने परत जातं. देवीच्या डोक्यावर तर आख्खी टेकडी. शिवाय त्या टेकडीवर नंतर माणसांनी घरं बांधली, म्हणजे देवीलाही वरच्या मजल्यावर बिऱ्हाड मिळालं. गोट्यांचा आवाज येतो का, ते पुजाऱ्यांना विचारायचं राहिलं आहे.

एवढं असून पावसाळ्यात तिथे छतातून पाणी ठिबकतं. दीड हजार वर्षं होत आली, गळती काही थांबलेली नाही. वॉटरप्रूफिंगच्या गॅरंटीवर विश्वास ठेवणाऱ्याने एकदा तरी ऑगस्टात या लेण्यात जाऊन यावं.

टेकडी विकत घेणं आम्हाला परवडणारं नव्हतं, म्हणून आम्ही आमच्या मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींकडे उपायांची उतरंड तयार होती. सगळ्यात खाली चुना. त्याच्या वर पांढरा 'हीटप्रूफ' रंग, म्हणजे चुन्याचाच शिकलेला भाऊ. त्याच्या वर चायना मोझॅक: पांढऱ्या टाइल्सचे तुकडे सिमेंटात बसवायचे, ऊनही परतवतात आणि पाणीही वाहून जातं. त्याखाली विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा, जो मुंबईच्या निम्म्या गच्च्यांवर आहे आणि ज्याचं वजन उरलेल्या निम्म्या गच्च्यांना सोसत नाही. मग पत्र्याची शेड. आणि सगळ्यात वर, मिस्त्रींच्या भाषेत 'ते फोमवालं', म्हणजे गच्चीच्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग करून त्यावर एक्सपीएसच्या पाट्या अंथरायच्या, वर पुन्हा कोबा आणि टाइल्स.

शेडबद्दल एक शब्द, कारण तिच्यावर अन्याय होतो. जोगेश्वरीत डोंगरावरून खाली पाहिलं तर निळे पत्रे आणि निळ्या ताडपत्र्या एवढंच दिसतं. हे सगळं पाण्यासाठी घातलेलं असतं, पण शेड आणि स्लॅब यांच्यामध्ये वारा खेळायला जागा सोडली तर तीच उन्हाची पहिली छत्री. मेघवाडीकडच्या चाळींत ही सोय नाही. तिथे पत्रा हेच छत, मध्ये काहीच नाही. २०१८च्या बंदीआधी तिथल्या कितीतरी घरांत पत्र्याखाली गणपतीच्या मखरांचं थर्माकोल तारेने बांधलेलं दिसायचं. दहा दिवस बाप्पाच्या मागे आणि पुढे वर्षानुवर्षं माणसांच्या वर. छतावर अर्धा मयूरमहाल, मधेच एखादं सोनेरी कमळ. उष्णता अडवायला थर्माकोल चांगलं, आगीला वाईट. पण मे महिन्यात पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला आग ही कल्पना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

सोसायटीची सभा झाली. मी चुन्याचा विषय मांडला. ताजा पांढरा चुना अंगावर पडलेल्या उन्हातलं पंचाहत्तर-ऐंशी टक्के ऊन परत पाठवतो, काळी शेवाळलेली फरशी जवळजवळ तेवढंच गिळते. अहमदाबादने २०१३मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि २०१७पासून वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला घेतली, हेही सांगितलं. तळमजल्यावरचे काका म्हणाले, 'वहिनी, आमच्याकडे ऊन येतच नाही. आम्ही वर्गणी कशाला द्यायची?' मी म्हटलं, 'काका, उंदीर आमच्याकडे चार जिने चढून येत नाहीत, तरी पेस्ट कंट्रोलचे पैसे आम्ही देतो.' यावर काकांनी मुद्दा बदलून अहमदाबादची हवा कोरडी असते असं सांगितलं, जे खरं आहे. मधल्या मजल्यांचं मत नेहमीप्रमाणे वडे येईपर्यंत ठरलेलं नव्हतं. वडे आल्यावर ते अनुकूल झालं. फक्त 'सोसायटीला चुना लावण्याचा ठराव एकमताने मंजूर' असं इतिवृत्तात लिहायला सेक्रेटरी तयार नव्हते. त्यांनी 'गच्चीस पांढरा लेप' लिहिलं.

लेप लागला. चुन्यात मिस्त्रींनी फेव्हिकॉल मिसळलं, म्हणजे पायाला लागून घरात येणार नाही. रात्रीचा पंखा वारा फेकू लागला. गार नव्हे, पण वारा. दुपारी गच्चीवर जाणाऱ्याचे डोळे दिपायला लागले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडया लवकर वाळल्या. त्यांनी मला चार पाठवल्या, हा या प्रकल्पाचा एकमेव रोख परतावा. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून उडणारी धूळ तो लेप आठवडाभरात मळवते, आणि सप्टेंबरपर्यंत त्यावर शेवाळ धरतं. म्हणून दर वर्षी होळी झाली की पुन्हा लावायचा. चुन्याचा दोष एवढाच, की तो दर वर्षी सभेपुढे आणावा लागतो.

आणि मग रिडेव्हलपमेंट आली.

ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांना सांगायचं, तर हा काळ लग्नघरासारखा नसतो. लग्नघरात निदान मुलगी कोणाची हे ठरलेलं असतं. एकोणऐंशी-अ, पीएमसी, कॉर्पस, आयओडी, सीसी हे कायद्या-परवानग्यांचे शब्द ज्यांच्या तोंडी कधी आले नव्हते ते भाजी घेताना बोलू लागले. डेव्हलपरने सभागृहात पडद्यावर नवी इमारत दाखवली. इमारत हिरवी होती. म्हणजे तिच्यासमोर काढलेली झाडं इमारतीच्या निम्म्या उंचीची होती, तेवढी उंच झाडं मी आरेच्या रस्त्यावरच पाहिली आहेत. (लिंक रोडवरून स्कूटर आरेत वळली की हवा बदलते, हे जोगेश्वरीत शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. झाडाचं इन्सुलेशन फुकट असतं, म्हणूनच ते कोटेशनमध्ये नसतं.) ऊर्जाबचत या पानावर जिन्यात एलईडी दिवे आणि पावसाचं पाणी साठवण्याची टाकी होती.

सभासदांनी प्रश्न विचारले. देवघर कुठल्या दिशेला? कपडे कुठे वाळत घालायचे? पार्किंग बांधीव की मोकळं? पापड वाळवायला गच्ची खुली राहणार ना? एका आजोबांनी लेटरबॉक्सबद्दल विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत बसले नाहीत. मी विचारलं, 'बाहेरच्या भिंती ब्लॉकच्या की मायवानच्या?' डेव्हलपरच्या इंजिनिअरने पहिल्यांदा वर पाहिलं.

हा प्रश्न रिडेव्हलपमेंटमधल्या प्रत्येकाने विचारावा असा आहे, म्हणून थोडं थांबते. हल्ली उंच इमारतींत अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंतीही काँक्रीटच्याच ओततात. धंद्यात त्याला सरसकट मायवान म्हणतात. काम भराभर होतं, भिंत सरळ येते, पण काँक्रीट उष्णतेला विटेपेक्षा जास्त वाट देतं. म्हणजे स्लॅब उभा केला तर काय होईल, तेच. दुसरा मार्ग हलक्या ब्लॉकचा. तो ब्लॉक १९२०च्या दशकात स्वीडनमध्ये जन्मला, थंडीसाठी. पुण्यात शिर्के कंपनीने सिपोरेक्स म्हणून तो १९७०च्या दशकात आणला. आत हवेचे बारीक बुडबुडे, वजन विटेच्या तिसऱ्या हिश्शाइतकं, आणि उष्णता सोडतो तो विटेच्या जेमतेम चौथ्या हिश्शाने. बिल्डर तो वापरतो ते आपल्याला गार वाटावं म्हणून नाही. इमारत हलकी होते आणि पोलाद वाचतं म्हणून. आपण हेतू बघू नये. त्यातला एकच दोष, साधा खिळा त्यात धरत नाही. गार भिंतीवर आजोबांचा फोटो लावला की तो तिसऱ्या दिवशी खाली येतो. वेगळे स्क्रू मिळतात, ते आणावेत. आजोबांना वाचवण्यासाठी काँक्रीटची भिंत मागू नये.

मग 'फ्लोअर राइज'. विक्रीच्या विंगमध्ये जितकं वर जाल तितका चौरस फुटाचा दर वाढतो. जुन्या इमारतीत वरचा मजला गळतो म्हणून स्वस्त, नव्या इमारतीत तिथून लांबचं दिसतं म्हणून महाग. पश्चिमेला आख्खी भिंत काचेची, कारण लांबवर समुद्राची एक पट्टी दिसते. ती पट्टी संध्याकाळी पाचला दिसत नाही, कारण तेव्हा ऊन थेट डोळ्यांत आलेलं असतं आणि घरातल्यांनी जाड पडदे ओढलेले असतात. पडदा काचेच्या आत असतो, म्हणजे ऊन घरात घेऊन मग त्याला पडद्यामागे बसवायचं. ते बाहेरच अडवायला पूर्वी खिडकीवर छज्जा असायचा. आता तो डेव्हलपरच्या चित्रात विद्रूप दिसतो म्हणून काढतात आणि प्रत्येक घरात एसी बसवतात. जानेवारी २०२०पासून नवा एसी सुरू होताच आपणहून चोवीस अंशांवर यावा असा नियम झाला. आमच्या ओळखीत तो चोवीसवर पाहिलेला माणूस अजून भेटायचा आहे, आणि प्रत्येक एसी आपल्या खोलीतली उष्णता शेजारच्या खिडकीकडे तोंड करून बाहेर टाकतो.

छताचं काय, हे विचारल्यावर इंजिनिअर म्हणाला, 'मॅडम, फॉल्स सीलिंग करून घ्या.' ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात ते हवं तेवढं मिळतं, बहुतेक वेळा मध्ये निळा दिवा लावून. पण उपाय स्लॅबच्या खाली केला की स्लॅब तापायचा तो तापतोच. आपण फक्त त्याच्याकडे बघायचं थांबवतो. थर स्लॅबच्या वर हवा. धंद्यातले लोक त्याला ओव्हरडेक म्हणतात, आणि त्याचा हिशोब पाहून मला लेणी खोदणाऱ्यांची दया आली: एक इंच एक्सपीएस उष्णता जितकी अडवतं, तितकी अडवायला काँक्रीट चार फूट जाड लागेल. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने डिसेंबर २०१८मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' काढली. पाचशे चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडांवरच्या निवासी इमारतींसाठी ती होती, राज्यांनी आणि पालिकांनी आपापल्या नियमांत आणायची. तिच्यात छत किती उष्णता आत सोडतं त्या आकड्याला (यू-व्हॅल्यू) १.२ची मर्यादा घातली होती. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचा आकडा याच्या जवळजवळ तिप्पट असतो. एक इंच फोम अंथरला की तो एकच्या खाली येतो. सगळ्या इमारतीच्या खर्चात ही रक्कम लेटरबॉक्सच्या रांगेतली.

हे सगळं मी सभेत सांगितलं. सभासदांनी माना डोलावल्या आणि लेटरबॉक्सकडे वळले.

तेव्हा मला पुन्हा पाणी आठवलं. मी उभी राहून म्हटलं, 'स्लॅब दिवसा तापून पसरतो, रात्री निवून आकसतो. रोज. त्याच्यावरचं वॉटरप्रूफिंग त्यानेच तडकतं. वर फोमचा थर असला तर स्लॅब तापत नाही, तडा जात नाही, आणि गळती होत नाही.' सभागृह शांत झालं. तळमजल्यावरचे काका म्हणाले, 'मग हे आधी सांगायचं ना! गळती म्हणजे सगळ्यांचाच प्रश्न.' पाच मिनिटांत ठराव झाला: सभासदांच्या विंगच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंग, एक्सपीएस आणि वर पांढऱ्या टाइल्स, करारनाम्याच्या तपशिलात तसं नमूद करावं. ऊन हा शब्द ठरावात कुठेही नाही.

एकमताचं दुसरं कारण मात्र गळती नव्हतं. नव्या विंगमध्ये कोणाला कुठला मजला मिळणार याची सोडत व्हायची आहे. तोपर्यंत प्रत्येक सभासद, तळमजल्यावरच्या काकांसकट, स्वतःला शेवटच्या मजल्यावर झोपलेला पाहतो आहे.

म्हणून ज्यांची इमारत पाडायला निघाली आहे त्यांना एक व्यवहारी विनंती: गच्चीच्या इन्सुलेशनचा ठराव सोडतीच्या आधी मांडा. नंतर मांडलात तर बाजूने फक्त वरच्या मजल्याचे चार सभासद उरतात, आणि चौघांत कोरम होत नाही.